शेअरवेअर प्रोग्रॅम वापरून फ्लॉपी डिस्क फॉरमॅट कशी करावी

जुने यंत्र, जुना वाजवायचा कीबोर्ड किंवा जुना संगणक चालू ठेवायचा असेल, तर आजही फ्लॉपी फॉरमॅट करण्याची वेळ येते. ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची फॉरमॅटची सोय साध्या कामापुरती असते. फ्लॉपीची संपूर्ण प्रतिमा (म्हणजे तिच्यातल्या सगळ्या मजकुराची एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल) घेणे किंवा वेगळ्या आकाराचे फॉरमॅट करणे यांसाठी विनइमेजसारखा शेअरवेअर प्रोग्रॅम अधिक उपयोगी पडतो. शेअरवेअर म्हणजे आधी वापरून पाहावा आणि ठेवायचा असेल तर नोंदणी शुल्क भरावे, असा प्रोग्रॅम. विनइमेजची चाचणी मुदत ३० दिवसांची आहे. प्रोग्रॅम त्याच्या कर्त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा आणि सोबतची ‘रीड मी’ फाइल आधी वाचावी, कारण नोंदणी न केलेल्या प्रतीत काय चालते आणि काय नाही, हे बहुधा तिथेच लिहिलेले असते.

प्रोग्रॅम उघडण्यापूर्वी फ्लॉपी हातात घेऊन नीट पाहावी. साडेतीन इंची फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात सरकती खिट्टी असते. ती सरकवून खिडकी उघडी ठेवली असेल, तर फ्लॉपीवर काहीही लिहिता येत नाही. म्हणून फॉरमॅट करण्यापूर्वी ती बंद करावी. समोरच्या कोपऱ्यात खिट्टी नसलेले दुसरे भोक असेल तर फ्लॉपी १.४४ एमबीची असते, नसेल तर ७२० केबीची. या भोकावर चिकटपट्टी लावून १.४४ एमबीची फ्लॉपी ७२० केबीची करण्याची युक्ती जुनी आहे, पण ती मी टाळतो. दोन्ही प्रकारांचा चुंबकीय थर वेगळा असतो आणि अशा फ्लॉपीवरील मजकुराचा भरवसा धरता येत नाही. धातूची झडप अलगद सरकवून आतली चकतीही पाहावी, मात्र तिला बोट लावू नये. बुरशीचे डाग किंवा ओरखडे दिसले, तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नये, कारण तिच्यामुळे ड्राइव्हचे हेड, म्हणजे चकतीवर लिहिणारा-वाचणारा भाग, घाण होते आणि नंतर घातलेल्या चांगल्या फ्लॉपीही खराब होऊ शकतात.

यानंतरची पायरी घाईत हमखास गळते. फ्लॉपी रिकामी आहे असे वाटत असले, तरी आधी तिची इमेज फाइल करून ठेवावी. प्रोग्रॅमच्या डिस्क मेनूमध्ये योग्य ड्राइव्ह निवडून फ्लॉपी वाचण्याची आज्ञा द्यावी आणि मिळालेली प्रतिमा हार्ड डिस्कवर जतन करावी. ती जेमतेम दीड एमबीची असते. एकदा पूर्ण फॉरमॅट झाले की जुना मजकूर परत मिळत नाही.

आता आकार निवडावा. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर प्रत्येक बाजूस ८० ट्रॅक (मजकूर लिहिण्याची गोल वर्तुळे), प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर (वर्तुळाचे तुकडे) आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात, म्हणजे एकूण १४,७४,५६० बाइट. त्यातले ३३ सेक्टर बूट सेक्टर (फ्लॉपीची माहिती देणारा पहिला सेक्टर), फाइल वाटपाच्या तक्त्याच्या (कोणती फाइल कुठे आहे याची नोंद) दोन प्रती आणि मूळ डिरेक्टरी (फाइलींची यादी) यांना जातात. त्यामुळे वापरायला १४,५७,६६४ बाइट उरतात. प्रोग्रॅमने हाच आकडा दाखवला, तर एकही सेक्टर खराब नाही असे समजावे. काही प्रोग्रॅम प्रत्येक ट्रॅकवर २१ सेक्टर बसवून १.६८ एमबीचे फॉरमॅटही करतात. विंडोज ९५ च्या फ्लॉपींसाठी हीच पद्धत वापरली गेली होती. ती चालते, पण जपून ठेवायच्या मजकुरासाठी मी ती निवडणार नाही. यूएसबीने जोडायच्या बहुतेक ड्राइव्ह असे फॉरमॅट करूही शकत नाहीत. त्यांना ठरावीक आकारच समजतात.

फॉरमॅट सुरू करताना ‘क्विक’ हा पर्याय निवडू नये. क्विक फॉरमॅट फक्त फाइल वाटपाचा तक्ता आणि मूळ डिरेक्टरी कोरी करते. ट्रॅक आणि सेक्टर नव्याने आखले जात नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या फ्लॉपीवरच्या क्षीण खुणा तशाच राहतात. पूर्ण फॉरमॅट प्रत्येक ट्रॅक नव्याने लिहिते, आणि सोबत पडताळणीचा पर्याय असेल तर लिहिलेले पुन्हा वाचूनही पाहते. याला मिनिट-दोन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात फ्लॉपी बाहेर काढू नये आणि ड्राइव्हचा आवाज ऐकावा: ठरावीक अंतराने येणारी टकटक ठीक, पण एकाच जागी वारंवार खरखर झाली तर तो ट्रॅक लिहिला जात नाही असे समजावे.

शेवटी खराब सेक्टरची संख्या पाहावी. प्रोग्रॅम खराब जागा खूण करून वगळतो आणि उरलेली वापरू देतो. तरीही एखादा जरी खराब सेक्टर निघाला, तरी त्या फ्लॉपीवर महत्त्वाचे काही ठेवू नये. पहिलाच ट्रॅक खराब असेल तर ती निकामीच, कारण बूट सेक्टर तिथेच असतो. मात्र एकामागून एक चार-पाच फ्लॉपी नापास झाल्या, तर दोष बहुधा ड्राइव्हचा असतो; आधी हेड साफ करावे.

फॉरमॅट झालेल्या फ्लॉपीवर एखादी फाइल लिहून ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये उघडून पाहावी. हेड जागेवरून किंचित सरकलेली ड्राइव्ह स्वतः लिहिलेले व्यवस्थित वाचते, पण दुसऱ्या यंत्राला ते वाचता येत नाही, आणि फ्लॉपी तर बहुतेक वेळा दुसऱ्याच यंत्रासाठी तयार केलेली असते.