इटलीतली छोटी शहरं कशी बघायची: आधी रेल्वेची लाइन पकडा, मग शहरं ठरवा

इटलीचा पहिला प्लॅन बहुतेकांचा सारखाच असतो. रोम तीन दिवस, फ्लोरेन्स दोन, व्हेनिस एक, मधे पिसाला उतरून कललेल्या मनोऱ्याला टेकू दिल्याचा फोटो, की झालं. ती शहरं बघायलाच हवीत, त्यात वाद नाही, पण दहा-बारा दिवस हातात असतील तर त्यातले निदान पाच दिवस छोट्या शहरांना द्या असं मी विचारेल त्याला सांगते, कारण संध्याकाळी चौकात येऊन बसलेल्या आज्या, शाळेतून सायकलवर घरी जाणारी पोरं, दुपारी कुलूप लावून जेवायला गेलेला दुकानदार हे सगळं तिथे दिसतं, आणि बघण्यासारखंही तिथे काही कमी नाही.

फक्त एक करू नका. नेटवर 'दहा सुंदर गावं' अशी लिस्ट मिळते, ती घेऊन नकाशावर टिंबं टाकत बसलात तर एक टिंब आल्प्सच्या पायथ्याशी, दुसरं पार बुटाच्या टाचेला, आणि निम्मी सुट्टी बॅगा ओढण्यात जाते. शहरं नंतर निवडा, आधी रेल्वेची लाइन निवडा. एका ठिकाणी मुक्काम टाका, तिथून तास-दीड तासात जाता येईल तेवढंच घ्या, आणि त्यातल्या एखाद्या शहरात तरी रात्र काढा. दिवसाचे टूरिस्ट पाच-सहाच्या गाडीने परत गेले की मग ते गाव तुमचं होतं.

मला यासाठी सगळ्यात सोयीचं वाटतं ते बोलोन्या. रोमहून फास्ट ट्रेनने साधारण सव्वादोन तास, फ्लोरेन्सहून पाऊण तासाच्या आत, मिलानहून तासाच्या थोडं वर. फास्ट ट्रेनचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त आणि ऐनवेळी महाग, ते इथूनच काढून ठेवा. पण बोलोन्याहून पुढे ज्या साध्या गाड्या जातात, तिथे त्यांना 'रेजोनाले' म्हणतात, त्यांचं भाडं ठरलेलं असतं, आज काढा नाहीतर महिनाभर आधी, तेवढंच. म्हणजे सकाळी उठून पाऊस बघून ठरवलं तरी चालतं, हा केवढा मोठा आराम आहे! एक मात्र लक्षात ठेवा. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, आणि मोबाइलवरचं असेल तर चढण्यापूर्वी चेक-इन करायचं. आमच्या डब्यात एका कुटुंबाकडे तिकीटं होती, शिक्का नव्हता, त्यांना दंड भरावा लागला आणि त्यांचा अख्खा दिवस त्या रागातच गेला असणार. संप असेल तर स्टेशनवर 'शोपेरो' असं लिहिलेलं दिसतं, पण कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात काही ठरलेल्या गाड्या सोडाव्याच लागतात, त्या धरून प्लॅन करा.

आता शहरं. एकच बघायला जमणार असेल तर रावेन्ना बघा. बोलोन्याहून साधारण सव्वा तास. सन ४०२ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे हलवली, भोवती दलदल असल्यामुळे शत्रूला सहज येता येत नव्हतं म्हणून. पुढे गॉथ लोकांचा राजा थिओडोरिक इथूनच राज्य करत होता आणि त्याच्यानंतर बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यवाले, आले. या सगळ्यांनी मिळून जी मोझेक लावून ठेवलीत ती बघितल्यावर मोझेक म्हणजे फरशीवरचं डिझाइन ही आपली कल्पना कायमची बदलते. गाला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीची समाधी बाहेरून अगदी साधी विटांची, आपण पुढे निघूनही जाऊ इतकी, आणि आत गेलात की डोक्यावर गडद निळं छत आणि त्यावर सोनेरी तारे. पाचव्या शतकातलं काम आहे हे! खिडक्यांना अलाबास्टर दगडाच्या पातळ पाट्या आहेत, त्यातून मधासारखा उजेड येतो, आणि काचेचे बारके तुकडे थोडे तिरके बसवलेत त्यामुळे आपण हललो की भिंत हलल्यासारखी चमकते. डोळे अंधाराला सरावायला मिनिटभर लागतं, तोवर फोन काढू नका. शेजारीच सान व्हिताले चर्च, तिथे सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या लवाजम्यासकट मोझेकमध्ये समोरासमोर उभे आहेत, आणि ते दोघं रावेन्नाला कधी आलेच नव्हते.

तिकिटाचं असं आहे की सान व्हिताले, गाला प्लाचिदिया, सान्त अपोलिनारे नुओव्हो, नेओनियानो बाप्तिस्तेरी (बाप्तिस्म्याची जुनी इमारत) आणि बिशपच्या वाड्यातलं म्युझियम यांचं एकच कॉमन तिकीट मिळतं, गाला प्लाचिदिया आणि बाप्तिस्तेरीला मात्र वेळेचा स्लॉट घ्यावा लागतो कारण जागा छोटी आहे, तो ऑनलाइनच घ्या. थिओडोरिकची समाधी वेगळी, चालत वीसेक मिनिटं लांब, तिचं अख्खं छत म्हणजे एकच दगड आहे, सुमारे दहा मीटर व्यासाचा, पण हातात एकच दिवस असेल तर ती सोडली तरी चालेल. कवी दांते मात्र सोडू नका. फ्लोरेन्सने त्याला हद्दपार केलं, तो १३२१ मध्ये इथे वारला, आणि फ्लोरेन्सने नंतर कितीदा मागूनही रावेन्नाने त्याच्या अस्थी दिल्या नाहीत. समाधीतल्या दिव्याचं तेल दरवर्षी फ्लोरेन्सहून येतं. तिथून दोन पावलांवर सान फ्रान्चेस्को चर्च आहे, त्याच्या तळघरात पाणी भरलेलं आहे, पाण्याखाली जुनी मोझेकची फरशी आणि वरून मासे फिरतात, सुटी नाणी जवळ ठेवा, नाणं टाकलं की दिवा लागतो.

रावेन्नाच्या याच गाडीत आणखी एक गोष्ट आहे, जी मराठी माणसाला माहीत असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. लुगो स्टेशन गेलं की बान्याकावाल्लोच्या आधी एक छोटी नदी लागते, दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध, तिचं नाव सेनिओ. ९ एप्रिल १९४५ ला याच नदीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी, नगर जिल्ह्यातल्या निमजचे ते, दोन जखमी साथीदारांना सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून मागे आणलं आणि मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच महायुद्धात, इटलीतल्याच उंब्रिया प्रांतात, माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला कामी आले, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर, आणि मोन्तोने नावाच्या डोंगरावरच्या छोट्याशा गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सनडायलचं स्मारक झालं. फोर्लीला, म्हणजे बोलोन्याहून रिमिनीच्या लाइनवर, भारतीय सैनिकांची दफनभूमी आणि दहनस्मारक आहे. वाटेत एक तास काढून तिथे जा, फुलं घेऊन जा.

रावेन्नाहून बोलोन्याला परत न येता सरळ फेराराची गाडी पकडता येते, तासाभराच्या थोडं वर, आणि फेराराहून बोलोन्या अर्धा तास. त्रिकोण पूर्ण होतो. फेरारा हे सायकलचं गाव, भाड्याने सायकल घ्या आणि जुन्या तटबंदीवरून फिरा, नऊ किलोमीटर आहे, सपाट आहे, वर झाडांची सावली. गावाच्या मधोमध खंदकासकट एस्ते घराण्याचा किल्ला, खंदकात अजून पाणी आहे. डायमंड पॅलेस नावाचा वाडा आहे, त्याच्या भिंतीवर टोकदार संगमरवरी चिरे आहेत, साडेआठ हजारांच्या आसपास, सकाळी आणि संध्याकाळी तिरकं ऊन पडतं तेव्हाच तो बघा, भर दुपारी सपाट दिसतो.

खाण्याचं सविस्तर सांगते कारण आपल्याकडचे निम्मे प्रश्न तेच असतात. फेराराला 'काप्पेलाच्ची दी झुक्का' मिळतं, लाल भोपळा भरलेला पास्ता, गोडसर, मागताना 'बुर्रो ए साल्विया' म्हणजे लोणी आणि सेजची पानं असं सांगा, नाहीतर वरून मांसाचा रस्सा येऊ शकतो. रावेन्नाच्या बाजूला पियादीना, ती बघून माझी आई म्हणाली अगं ही तर जाड पोळी, आत स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ चीज आणि रुकोलाची पानं घालून देतात. पण शाकाहारी असाल तर विचारा, कारण पियादीनाच्या कणकेत परंपरेने डुकराची चरबी असते, तिला 'स्त्रुत्तो' म्हणतात, ऑलिव्ह तेलाची हवी असेल तर 'कोन ओलिओ' म्हणा. फेराराच्या पिळाच्या ब्रेडमध्येही तीच. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते) असतं, रिसोत्तो बरेचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो, त्यामुळे नुसतं 'व्हेजितारियानो' म्हणून थांबू नका, 'निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते ब्रोदो', म्हणजे मांस नको, मासे नको, मांसाचं पाणी नको, असं तिन्ही म्हणा. लोक नीट ऐकून घेतात, स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतात. जेवणाची वेळ पाळा मात्र, दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर, चार वाजता भूक लागली तर बेकरीच.

मांतोवासाठी बोलोन्याहून बहुतेक वेळा मोदेनाला गाडी बदलावी लागते, व्हेरोनाहून मात्र डायरेक्ट पाऊण तास. तीन बाजूंना तळी आणि मधे गाव. दुकाले राजवाड्यात मान्तेन्या या चित्रकाराने १४७४ मध्ये रंगवून पुरी केलेली खोली आहे, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला 'पालात्सो ते' नावाचा राजवाडा, तिथल्या एका दालनात भिंती आणि छत मिळून एकच चित्र, राक्षस कोसळतायत आणि खांब त्यांच्या अंगावर पडतायत, आपण मधे उभे. जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या तळ्यात कमळं फुलतात, आपलीच आशियाई कमळं, शंभरेक वर्षांपूर्वी आणून लावलेली, त्यातून होडी जाते. डास खूप, क्रीम न्या.

बोलोन्या नको असेल तर अजून दोन लाइन सांगते. व्हेनिसहून दोन तासांवर त्रिएस्ते, ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचं जुनं बंदर, एक बाजू समुद्राला उघडी असलेला प्रचंड चौक, मिरामारेचा पांढरा किल्ला आणि जुने कॅफे. इथे एस्प्रेसोला 'नेरो' म्हणतात आणि थोडं दूध घातलेल्याला 'कापो'. भौतिकशास्त्राचं जगप्रसिद्ध संशोधन केंद्र १९६४ पासून इथे आहे, आपल्याकडचे कितीतरी संशोधक तिथे जाऊन आलेत, ओळखीत कुणी असेल तर आधी त्यांना विचारा, हॉटेलपासून बसपर्यंत सगळं सांगतील. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी शिडाच्या बोटींची मोठी शर्यत असते, तेव्हा खोल्या मिळत नाहीत.

दुसरी लाइन दक्षिणेची, बारीला मुक्काम. तिथून मातेरा, कातळात कोरलेल्या घरांचं गाव, जिथून १९५२ च्या कायद्याने हजारो लोकांना बाहेर काढून नव्या वस्तीत नेलं कारण माणसं आणि जनावरं एकाच गुहेत राहत होती, आणि तेच गाव २०१९ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. इथे रात्र काढाच, दरीच्या कडेला दिवे लागताना बघायचं असतं. चाकांची सूटकेस नेऊ नका, सगळ्या पायऱ्या. बारीहून जी छोटी रेल्वे जाते तिचं रविवारचं टाइमटेबल वेगळं असतं, आधी बघून ठेवा. शाकाहारी लोकांसाठी तर दक्षिण फारच बरी, वालासारखे फावाचे दाणे घोटून केलेलं 'फावे ए चिकोरिया' म्हणजे साधं, पोटभर, घरचं वाटेल असं जेवण. लेच्चे बारीहून आणखी खाली, मऊ पिवळ्या दगडातलं नक्षीकाम आणि बदामाच्या दुधातली थंड कॉफी.

पिसा-फ्लोरेन्सच्या मधे पॉन्तेदेराला मात्र पुणेकरांनी उतरावं. व्हेस्पा तिथे १९४६ मध्ये जन्मली, स्टेशनजवळच तिचं म्युझियम आहे, आणि आपल्याकडे बजाजने तीच लायसन्सवर बनवली होती, त्यातूनच पुढे चेतक आली. बाबांच्या स्कूटरवर पुढे उभं राहून शाळेत गेलेल्यांना तिथे काय वाटतं ते सांगायला नको.

गाडी भाड्याने घेणार असाल तर जुन्या गावांच्या वेशीवर 'झेड टी एल' पाटी बघा, आत परवान्याशिवाय गेलात की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड महिन्यांनी घरी येतो. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, फी ९० युरो, इन्शुरन्स ३०,००० युरोचा लागतो, मे महिन्यासाठी अपॉइंटमेंट जानेवारीतच बघायला लागा. १५ ऑगस्टच्या आसपास जाऊ नका, छोट्या गावातली चांगली खानावळ नेमकी तेव्हाच बंद असते, मालकही सुट्टीवर. आणि दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर दक्षिणेची लाइन घ्या, पो नदीच्या खोऱ्यात नोव्हेंबरपासून धुकं उतरतं, फेरारा-मांतोवाला समोरचा किल्लाही दिसत नाही कधीकधी, तो त्रिकोण मे महिन्यासाठी ठेवा.