सीटला बुरशी आली तेव्हा कळलं, 'फुल लेदर' किती फुल

जुलैत पंधरा दिवस गावाला होतो. ठाण्याला परतून गाडीचं दार उघडलं तर कुबट वास, आणि सीटवर पांढरट बुरशीचे ठिपके. सेकंडहँड जर्मन सेदान, 'फुल लेदर' म्हणून गळ्यात मारलेली. गंमत म्हणजे ठिपके फक्त बसायच्या भागावर. सीटच्या बाजू चकचकीत!

शंका आली म्हणून सीटखालून कड उलटून पाहिली. बसायच्या भागामागे केसाळ, मऊ तंतू. बाजूच्या तुकड्यामागे चक्क विणलेलं कापड. म्हणजे अर्धं चामडं, अर्धं रेक्झिन. पाण्याचा थेंब टाकून ओळखा म्हणतात, त्यात अर्थ नाही. गाडीतल्या बहुतेक चामड्यावरही रंगाचा आणि प्लास्टिकसारखा थर असतो, थेंब दोन्हींवर तसाच बसून राहतो.

मास्क लावून बुरशी पुसली, मग लेदर क्लीनर मऊ ब्रशने फिरवला. सावलीत दारं उघडी टाकून टेबलफॅन लावला. उन्हात नको, चामडं ताठरतं. दुसऱ्या दिवशी कंडिशनर, अगदी थोडा. हौसेने बाजूंनाही चोपडला. तिथे तो मुरलाच नाही, चिकट होऊन धूळ धरून बसला. परत पुसत बसलो.

रेक्झिन म्हणजे फसवणूक असं नाही. मर्सिडीज 'आर्टिको', बीएमडब्ल्यू 'सेन्साटेक' नावाने तेच उघडपणे देतात. आमच्या दमट हवेत मला तर तेच बरं वाटतं, उन्हाळ्यात पाठ चिकटली तरी.

आता पावसाळ्यात गाडी आठवड्यातून एकदा तरी एसी लावून फिरवून आणतो.