कर्तव्यावर असताना मृत्यू आलेल्या सहकाऱ्याला पोलीस ठाण्याची आदरांजली: काय करावं, कसं करावं

पोलिसाच्या घरच्यांनी त्याला वर्दी चढवून बाहेर पडताना पाहिलेलं असतं आणि उशिरा थकून परतताना पाहिलेलं असतं. मधले बारा-चौदा तास त्यांच्या वाट्याला कधी आलेलेच नसतात. ते तास सहकाऱ्यांनी पाहिलेले असतात. सहकाऱ्यांच्या आदरांजलीचं खरं काम हेच, की न पाहिलेले ते तास घरच्यांच्या हाती द्यायचे. मोठा फलक, मोठा हार, मोठी भाषणं यांतलं काही नसलं तरी चालतं. पण एवढं झालं नाही तर बाकी सगळं कोरडं वाटतं.

पहिल्या दिवशी

ठाण्यातून दोन माणसं नेमा. एक अधिकारी आणि एक अंमलदार, ज्याचं त्या घरी आधीपासून जाणं-येणं होतं. घरच्यांशी जे बोलायचं ते याच दोघांनी बोलायचं. दहा जणांनी दहा फोन केले की प्रत्येक जण वेगळी हकिकत सांगतो आणि त्या घराला दुःखाच्या जोडीला संशय लागतो.

आई-वडील, पत्नी किंवा पती, सगळ्यांना कळवल्याची खात्री झाल्याशिवाय कुणीही ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकू नये, स्टेटस ठेवू नये. ही चूक सर्रास होते आणि तिला माफी नाही. मुलाला शाळेतल्या मित्राच्या मोबाइलवर वडिलांची बातमी दिसते. घटनास्थळाचे फोटोही कुणी पाठवायचे नाहीत, ‘फक्त आपल्या बॅचच्या ग्रुपवर’ म्हणूनसुद्धा नाही.

त्याच दिवशी सेवापुस्तक, म्हणजे नोकरीची कार्यालयीन नोंदवही, समोर ठेवून एक पान तयार करा: पूर्ण नाव, पद, बक्कल नंबर (पोलिसाचा ओळख क्रमांक), जन्मतारीख, भरतीची तारीख, कुठे कुठे नेमणुका झाल्या, कोणती बक्षिसं आणि पदकं मिळाली. पुढची प्रत्येक गोष्ट, म्हणजे शोकसंदेश, फलक, वर्तमानपत्राला द्यायची माहिती, याच पानावरून घ्यायची. नाव घरचे जसं लिहितात तसंच लिहा. महिला अंमलदाराच्या बाबतीत सेवापुस्तकात माहेरचं नाव आणि ओळखपत्रावर सासरचं असं बऱ्याचदा असतं. कोणतं वापरायचं ते घरच्यांनाच विचारा.

शब्दही याच वेळी ठरवून टाका. गोळीबारात किंवा हल्ल्यात मृत्यू आला असेल तर ‘वीरमरण’ योग्यच आहे. बंदोबस्तात हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा नाकाबंदीत वाहनाने उडवलं असेल, तर कार्यालयीन पत्रात जे असेल तेच लिहा. ‘कर्तव्यावर असताना निधन’ या शब्दांत कुठलाही कमीपणा नाही. पत्रात एक, फलकावर दुसरं आणि बातमीत तिसरं असं झालं की पुढे अनुदानाच्या आणि अनुकंपा नोकरीच्या कागदपत्रांवर प्रश्न उठतात आणि खेटे घरच्यांना घालावे लागतात.

आठवणींची वही

सहकाऱ्यांनी लिहिलेल्या आठवणींची पानं एकत्र बांधून घरच्यांना द्यायची, ती ही वही. सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. ‘अत्यंत मनमिळाऊ, हसतमुख आणि कर्तव्यदक्ष’ हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून त्यातून कुणीच दिसत नाही. ‘गणपतीच्या बंदोबस्तात नव्या पोरांना आधी जेवायला पाठवायचे आणि स्वतःचा डबा सगळ्यांत शेवटी उघडायचे’ असं लिहिलं की माणूस समोर उभा राहतो.

सहकाऱ्यांना ‘काहीतरी लिहून द्या’ म्हटलं तर तेच ठरीव शब्द येतात. त्याऐवजी नेमके प्रश्न द्या. त्यांच्याकडून कोणतं काम शिकलात? रात्रगस्तीला सोबत असताना काय बोलायचे? तक्रार घेऊन आलेल्या म्हाताऱ्या बाईला कसं बसवून घ्यायचे? कशावर चिडायचे? खिशात नेहमी काय असायचं? आणि शेवटचा, सर्वांत मोलाचा: घराबद्दल, मुलांबद्दल ठाण्यात काय सांगायचे? मुलीच्या दहावीच्या मार्कांचा फोटो वडिलांनी ठाणे अंमलदारापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवला होता, हे त्या मुलीला दुसरं कुणी सांगू शकत नाही. यातला कुठला तरी एकच प्रश्न निवडून त्यावर एक पान लिहिलं तरी पुरे.

फक्त पोलिसांकडूनच घेऊ नका. गाडीचा चालक, होमगार्ड, सफाई कर्मचारी, हद्दीतले पोलीस पाटील, न्यायालयात पैरवीला, म्हणजे खटल्यांच्या पाठपुराव्याला, सोबत असणारे, नियंत्रण कक्षात रोज त्यांचा आवाज ऐकणारा बिनतारी ऑपरेटर, या सगळ्यांकडे वेगळा माणूस साठलेला असतो. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यांच्याच बोलीत उतरवा. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी जे असेल ते तसंच राहू द्या. शुद्ध करायला गेलं की आवाज निघून जातो. आधीच्या ठाण्यांतल्या सहकाऱ्यांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच निरोप द्या, कारण त्यांची पानं यायला सर्वाधिक वेळ लागतो.

तीन गोष्टी वहीत येऊ द्यायच्या नाहीत. पहिली, तपासावर असलेल्या गुन्ह्यांचे तपशील, खबऱ्यांची ओळख आणि लैंगिक अत्याचारातल्या पीडितांची किंवा अल्पवयीन मुलांची नावं. दुसरी, कुणाच्या चुकीमुळे हे घडलं याची चर्चा. तिची जागा चौकशीत आहे. तिसरी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. त्या घटनेच्या खटल्यात जे साक्षीदार आहेत त्यांनी घटनेबद्दल एक ओळही लिहू नये, शोकसभेत बोलूही नये. भावनेच्या भरात लिहिलेला एखादा तपशील जबाबाशी जुळला नाही, तर बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत तोच कागद पुढे करतो. त्यांनी त्या दिवसाआधीच्या आठवणी लिहाव्यात, भरपूर लिहाव्यात.

एका जाणत्या माणसाने सगळी पानं वाचून पाहावीत. हस्ताक्षरातली पानं टाइप करून घेऊ नका, मूळचीच बांधा. बांधण्याआधी ती स्कॅन करा आणि दोन प्रती काढा: मूळ वही घरी, एक प्रत ठाण्यात, एक मुख्यालयात.

शोकसभा

तारीख आणि जागा घरच्यांना विचारून ठरवा. कुठे दहावा-तेरावा असतो, कुठे पुण्यानुमोदन, कुठे चाळिसावा, कुठे प्रार्थनासभा. ठाण्याची सभा त्यावर येऊन आदळू नये. फोटोला हार, कुंकू, समई हे सगळं आपल्याला सवयीचं असलं तरी प्रत्येक घराला चालतंच असं नाही. एक फोन करून विचारलं की झालं.

फोटो वर्दीतला, आणि शेवटच्या पदाची चिन्हं खांद्यावर किंवा बाहीवर असलेला निवडा. ओळखपत्रावरचा फोटो भरतीच्या वेळचा असतो, तो घरच्यांनाही ओळखू येत नाही. १२ बाय १८ इंचांच्या छपाईला किमान १८०० बाय २७०० पिक्सेलची मूळ फाइल लागते. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेली प्रत दबून आलेली असते. ती मोठी केली की डोळे पुसट होतात. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

सभा चाळीस मिनिटांच्या आत संपवा. वक्ते चार, प्रत्येकी तीन मिनिटं. म्हणजे लिहिलेले सुमारे तीनशे शब्द. कागदावरून वाचायला सांगा. मोकळं बोलायला उभा राहिलेला माणूस एक तर रडून थांबतो, नाही तर पंधरा मिनिटं स्वतःबद्दल बोलतो. आपला रिवाज वरिष्ठांपासून सुरू करायचा; इथे तो उलटवा. आधी ज्याने रोज सोबत ड्युटी केली तो शिपाई, मग हवालदार, मग अधिकारी. वरिष्ठ आधी बोलले की खालचे तेच शब्द परत बोलतात. आर्थिक मदतीची, नोकरीची आश्वासनं माइकवरून देऊ नयेत. मदत गोळा करायची तर ती ऐच्छिक असावी. पगारातून कापायची असेल तर प्रत्येकाची लेखी संमती घ्या, रक्कम थेट घरच्यांच्या बँक खात्यात जमा करा, कोणी किती दिले याची यादी वाचू नका.

घरच्यांच्या खुर्च्या बाजूला, दाराजवळ ठेवा, म्हणजे कुणाला बाहेर पडावंसं वाटलं तर सगळ्यांच्या नजरेसमोरून जावं लागत नाही. त्यांच्याजवळ पाणी आणि ओळखीचं एक माणूस असू द्या. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर नको.

ठाणं बंद ठेवता येत नाही, हे विसरून आखलेली सभा फिसकटते. मौन सुरू होतं आणि वायरलेस सेट बोलू लागतो. सेट दुसऱ्या खोलीत एका माणसाजवळ ठेवा. पाळी बदलताना हजेरीच्या वेळी दुसरी छोटी सभा घ्या, म्हणजे रात्रपाळीवाले राहून जात नाहीत. दोन मिनिटांचं मौन घड्याळ लावून पाळा. अंदाजाने थांबवलं की ते पाऊण मिनिटातच संपतं आणि प्रत्येकाला ते जाणवतं.

मानवंदना

सशस्त्र सलामी, बिगुल आणि फैरी हे मुख्यालयाचं काम आहे. ठाण्याने फक्त वेळ, जागा आणि माणसांची सोय बघायची. तीन फैरी झडण्याआधी घरच्यांना, विशेषतः लहान मुलांना आणि म्हाताऱ्या आई-वडिलांना, जवळ जाऊन सांगा की आता आवाज होणार आहे. हे न सांगितल्यामुळे दचकून किंचाळलेलं लेकरू सगळ्यांच्याच मनात राहतं. फैरीनंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून गोळा करायच्या, लोकांनी उचलून नेण्याआधी. पुष्पचक्रांच्या क्रमात घरच्यांना आधी जाऊ द्यायचं की शेवटी, हे त्यांनी ठरवावं.

अंत्यसंस्कार शासकीय इतमामात करण्याचा आदेश असेल तरच तिरंगा पार्थिवावर येतो. केशरी पट्टा डोक्याकडे ठेवायचा. ध्वज सरणावर जाळायचा नाही आणि दफनात खाली उतरवायचा नाही, त्याआधीच काढून घडी घालायचा. चौघांनी ही घडी आदल्या दिवशी एकदा घालून पाहावी. पहिल्यांदाच करणारे हात थरथरतात.

फलक

मजकूर पाच ओळींपलीकडे नेऊ नका: नाव, पद, बक्कल नंबर, घटनेची तारीख व ठिकाण, आणि एक वाक्य. ते वाक्य नेमकं असावं. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याबद्दल २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याच्या एके-४७ ची नळी गोळ्या झेलूनही सोडली नाही, एवढंच लिहिलं तरी पुढे विशेषण लागत नाही. कृती लिहा, गुण आपोआप कळतात.

फलक बिघडतो तो बहुतेक वेळा अक्षरांमुळे. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये किंवा उलट नेला की जोडाक्षरं तुटतात, ‘ऱ्या’ची ‘र्या’ होते, वेलांट्या सरकतात. कोरणाऱ्याला मजकूर तोंडी किंवा मेसेजने देऊ नका. फलकाच्याच मापाची कागदी प्रत काढा, सेवापुस्तकाशी ताडून पाहा, घरच्यांना दाखवून सही घ्या आणि मगच कोरायला द्या. दगडावर चुकलेलं अक्षर खोडता येत नाही, दगडच बदलावा लागतो.

कपाटातल्या वस्तू

कपाट दोघांसमक्ष उघडून यादी करा. सरकारी साहित्य जमा करायचं. घटनेच्या वेळची वर्दी मुद्देमालात, म्हणजे पुरावा म्हणून जप्त केलेल्या वस्तूंत, असेल तर ती खटला संपेपर्यंत मिळणार नाही, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा. बाकी खासगी वस्तू, डबा, चष्मा, डायरी, जादा शर्ट, नावाची पट्टी देता येत असेल तर तीही, स्वच्छ पेटीत घालून घरी नेऊन द्या. पिशवीत कोंबून किंवा बोलावून घेऊन नाही. कपडे मात्र विचारल्याशिवाय धुऊ नका. त्या शर्टाचा वास ही काही घरांसाठी शेवटची उरलेली गोष्ट असते.

२१ ऑक्टोबर

१९५९ मध्ये याच दिवशी लडाखच्या हॉट स्प्रिंग्स भागात चिनी सैनिकांच्या हल्ल्यात १० पोलीस जवानांना वीरमरण आलं. तेव्हापासून २१ ऑक्टोबर हा देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं संचलनात वाचली जातात. हे वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं धरतात. सप्टेंबरमध्ये किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सहकारी गेला असेल तर त्याचं नाव त्याच महिन्यात ऐकू येणार नाही, पुढच्या वर्षी येईल. हे घरच्यांना आधी सांगितलं नाही तर मैदानावर उभे राहून नावाची वाट पाहत ते घरी परततात, आणि आपल्या माणसाला वगळलं असं समजतात. ठाण्याकडून माहिती वेळेत वर गेली का, याचा पाठपुरावा ऑगस्टमध्येच करा. नाव वाचणाऱ्याला उच्चार लिहून द्या. आडनावं चुकीची वाचली जातात.

ठाण्यातली माणसं दोन-चार वर्षांत बदलून जातात, म्हणून आठवण माणसांवर सोपवून चालत नाही. वहीच्या ठाण्यातल्या प्रतीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा: घरचा फोन नंबर, निधनाची तारीख, मुलांच्या वाढदिवसाच्या तारखा, आणि त्या त्या दिवशी फोन करण्याची जबाबदारी कोणत्या पदाकडे आहे. पदभार देताना बाकीच्या नोंदवह्यांबरोबर ही वहीही सही घेऊन पुढच्याच्या हाती द्यायची.