मोटरहोम रस्त्यावर भरकटते? दोष शोधा तो या क्रमानं

दिवसभर मोटरहोम (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) चालवून उतरल्यावर खांदे भरून येत असतील, सरळ रस्त्यावरसुद्धा स्टेअरिंग सारखं डावं-उजवं करावं लागत असेल, तर 'एवढी मोठी गाडी, असं चालायचंच' म्हणून सोडून देऊ नका. धड अवस्थेतली मोटरहोम सरळ रस्त्यावर हलक्या हातानं चालते. बरेच जण त्रास सुरू झाला की आधी स्टेअरिंग स्टॅबिलायझर (स्टेअरिंगचे हादरे जिरवणारा शॉक अ‍ॅब्झॉर्बर) बसवून घेतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तो सगळ्यात शेवटी. त्रास स्टेअरिंगमध्ये जाणवतो, पण मूळ पुष्कळदा मागच्या सामानात किंवा टायरच्या हवेत असतं. म्हणून आधी वजन, मग हवा, मग सांधे आणि शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं.

आधी तक्रार नेमकी करा

वारा नसलेल्या दिवशी, ओळखीच्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारा. शेजारी बसलेल्याला वही द्या आणि जे जाणवतं ते बोलत राहा. गाडी कधी इकडे, कधी तिकडे जाते का? हे भरकटणं, यात वजन, हवा, सांध्यांचा प्ले (ढिलाई) किंवा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल) बघायचं. एकाच बाजूला ओढते का? मग दोन्हीकडची हवा, अडकलेला ब्रेक, अलाइनमेंट. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरतं का? बॅलन्सिंग किंवा खराब झालेला टायर. शेजारून ट्रक गेला की आधी मागचा भाग हलतो आणि मग पुढचा भाग वळतो का? मग पुढचं स्टेअरिंग उलगडण्याआधी मागचं सस्पेन्शन बघा. रस्त्याला कडेकडे थोडा उतार असतो, त्यामुळे गाडी खेचतेय की घसरतेय हे सपाट जागी पडताळून घ्या.

फेरीनंतर चारही हबजवळ (चाकांच्या मध्यभागाजवळ) हात न्या, टेकवू नका. एकच हब बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखा तापला असेल, तर त्या चाकाचा ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग गेलंय.

वजन काट्यावर टाका

पाण्याची टाकी, इंधन, सामान, माणसं असं प्रवासाला निघताना जेवढं असतं तेवढं सगळं भरून वजनकाट्यावर जा. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल (चाकांच्या जोडीचा आस) वेगवेगळा तोला. जमलं तर प्रत्येक चाक. आकडे गाडीवरच्या प्लेटशी ताडून बघा. मोटरहोमचा मागचा भाग मागच्या चाकांच्या बराच बाहेर येतो आणि तिथे ठेवलेलं ओझं तरफेसारखं काम करतं. समजा दोन अ‍ॅक्सलमध्ये 4 मीटर अंतर आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या 2 मीटर मागे 200 किलो सामान आहे. तर मागच्या अ‍ॅक्सलवर 300 किलो वाढतात आणि पुढच्यावरचे 100 किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की ती रस्ता धरत नाहीत. मागचं जड सामान दोन अ‍ॅक्सलच्या मधे आणलं एवढ्यानंच अनेक गाड्या सुधारतात आणि त्याला पैसा लागत नाही.

टायर

हवा टायर थंड असताना मोजा आणि काट्यावर आलेल्या वजनाप्रमाणे टायर कंपनीच्या तक्त्यातून ठरवा. टायरच्या बाजूवर छापलेला दाब ही कमाल मर्यादेची खूण असते, ती आंधळेपणानं भरू नका. एका अ‍ॅक्सलच्या सगळ्या टायरांत दाब सारखा हवा. मागे जोडचाकं असतील तर आतला टायर न विसरता मोजा. तो दिसत नाही, म्हणून तोच बसलेला असतो.

मग टायर कसा झिजलाय ते बघा. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त, एकच कड खाल्ली तर कँबर (चाकाचा आत-बाहेर कल). तळहात आडवा फिरवल्यावर एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं, तर टो (दोन्ही चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) बिघडलाय. बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. भेगा असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, टायर बदला.

सांधे: दोघांनी मिळून करायचं काम

ही तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. एअर सस्पेन्शन (हवेच्या फुग्यांवरचं) असेल तर चॅसिसला भक्कम स्टँड दिल्याशिवाय खाली अजिबात शिरू नका. हवा उतरली की गाडी खाली बसते.

इंजिन चालू ठेवून एकानं स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हळूहळू हलवायचं. दुसऱ्यानं टॉर्च घेऊन स्टेअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत एकेक सांधा बघायचा, बोटं लांब ठेवून. चांगल्या सांध्यात दोन्ही तुकडे एकदमच हलतात. झिजलेल्यात आधी एक हलतो, क्षणभर काहीच होत नाही, मग 'टक्' आवाज येऊन दुसरा निघतो. फाटलेल्या रबरातून गंजाची लाल पूड बाहेर आलेली दिसली की तो टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) गेलाच समजा. पिटमन आर्म, ड्रॅग लिंक, आयडलर आर्म हे स्टेअरिंगचे बाकीचे दांडे, वरच्या शाफ्टचा क्रॉस, सगळं असंच बघा. बॉक्स चॅसिसवरच हलत असेल तर बोल्ट सैल आहेत किंवा चॅसिसला तडा आहे. चाक हलायच्या आधी स्टेअरिंगच्या कडेला 5 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त मोकळा प्ले असेल, तर दुरुस्तीशिवाय गाडी लांब नेऊ नका.

प्ले काढायला बॉक्सचा स्क्रू आवळायचा मोह टाळा. जास्त आवळला की स्टेअरिंग मधोमध अडकतं आणि गाडी आणखी भरकटते.

नंतर पुढचं चाक उचलून, स्टँड देऊन, वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर बेअरिंग, किंवा चाक ज्यावर वळतं तो किंगपिन किंवा बॉल जॉइंट. मदतनीसानं ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर बहुधा बेअरिंग.

सस्पेन्शन आणि अलाइनमेंट

गळके शॉक अ‍ॅब्झॉर्बर, अँटिरोल बारचे (गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) चेपलेले रबरी बुश, स्प्रिंगच्या पाट्यांचे सैल यू-बोल्ट हे नजरेनंच कळतं. एअर सस्पेन्शनची उंची कंपनीनं दिलेल्या मापाला आहे ना, ते मोजा.

अलाइनमेंट आता. झिजलेल्या सांध्यांवर ते करून काही उपयोग नाही आणि रिकाम्या गाडीवर तर करूच नका. भरल्यावर स्प्रिंग दबतात आणि कोन बदलतात. कारागिराला कॅस्टर किती आलाय ते मुद्दाम विचारा. तो कमी असेल तर वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही. आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्या.

एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा त्याच रस्त्यावर, तेवढंच सामान भरून फेरी मारा. एवढं होऊनही आडव्या वाऱ्यात मागचा भाग हलत राहिला, तर मागच्या अ‍ॅक्सलला ट्रॅक बार (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) बसवायचा विचार करा. स्टॅबिलायझर त्यानंतर.