मुलांना केमिस्ट्रीची ओळख कशी करून द्यायची: आधी गोष्ट, मग केळीची राख

चौथी ते सातवीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवायची असेल तर पहिल्या दिवशी फळ्यावर एच टू ओ लिहू नका. मी लिहिलं होतं. चोपड्याकडच्या आमच्या गावात उन्हाळ्याच्या सुट्टीत ओट्यावर दहा-बारा पोरं जमवली आणि एकाच दिवसात पाच शास्त्रज्ञ जन्मसालासकट सांगून टाकले, दुसऱ्या दिवशी तीनच पोरं आली, त्यातलं एक माझंच.

तेव्हापासून एका बैठकीला एकच माणूस आणि एकच प्रयोग. आणि गोष्ट अर्ध्यात थांबवायची, पुढचं पोरांनी स्वतः करून बघायचं.

सुरुवात मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञापासून करा. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, चौदाव्या वर्षी बुक बाइंडिंगच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचत बसायचा. 1812 मध्ये हम्फ्री डेव्ही या तेव्हाच्या नामवंत केमिस्टची लेक्चरं ऐकली, नोट्स काढून छान बाइंड करून त्यालाच पाठवल्या, आणि 1813 मध्ये त्याच्याच हाताखाली नोकरीला लागला. पुढे याच माणसाने लंडनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांना नुसत्या मेणबत्तीवर सहा लेक्चरं दिली. इथे थांबा आणि विचारा, मेणबत्तीत जळतं काय, वात की मेण? उत्तरं वहीत लिहून घ्या. मग मेणबत्ती दोन-तीन मिनिटं जळू द्या, फुंकून विझवा, आणि पांढऱ्या धुरात वातीपासून थोडं वर पेटती काडी धरा, ज्योत उडी मारून खाली वातीवर येते. तो धूर म्हणजे मेणाची वाफच, थंड होऊन दिसायला लागलेली. फॅन मात्र बंद करा, आपल्याकडच्या मे महिन्यात हे जिवावर येतं, पण वाऱ्यात हे जमत नाही.

आता डेव्हीची गोष्ट, माझी सगळ्यात आवडती, कारण हिचं सामान आपल्या शेतात पडलेलं असतं. घड कापून झाला की केळीचं खोड बांधावर फेकतात ना, त्याचे तुकडे चांगले वाळवा आणि मोठ्या माणसाने जाळून राख करा. चार-पाच चमचे राख ग्लासभर पाण्यात ढवळा, रात्रभर ठेवा, सकाळी वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्या. दुसरीकडे हळद पाण्यात कालवून साध्या कागदाला फासा आणि वाळवा. या पिवळ्या कागदावर राखेच्या पाण्याचा थेंब टाकला की तो लाल-तपकिरी होतो. आमच्याकडे एक पोरगं ओरडलंच, "हाई लाल कसं व्हयनं?" लगेच सांगू नका. त्याला लिंबू द्या, त्याच डागावर पिळू द्या, परत पिवळं. मग साबणाचं पाणी, पापडखार, दही, जे घरात असेल ते. एखादी आजी जवळ असेल तर ती सांगतेच की हळदीला चुना लावून कुंकू करायचे.

नंतर उरलेलं राखेचं पाणी आटवा, तळाशी पांढरट पावडर राहते. पूर्वी युरोपात लाकडाच्या राखेचं पाणी असंच भांड्यात आटवायचे, इंग्रजीत पॉट म्हणजे भांडं आणि अॅश म्हणजे राख, म्हणून पोटॅश. 1807 मध्ये डेव्हीने वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून (पोटॅशपासूनच बनवलेला जहाल क्षार) वीज सोडली आणि चकाकणारे धातूचे बारीक गोळे बाहेर आले, ते पोटॅशियम. आनंदाने खोलीभर नाचला म्हणतात. पोरांना हे नाचून दाखवा, लाजू नका. धातू पोटॅशियम पाण्यात पेट घेतं, तो प्रयोग व्हिडिओतच बघायचा. राखेचं पाणीही डोळ्यात जाऊ देऊ नका.

"आपल्याकडचं कोणी नाही का?" हा प्रश्न येतोच, तेव्हा बंगालचे केमिस्ट प्रफुल्लचंद्र रे. कलकत्त्यात कॉलेजात शिकवता शिकवता औषधांचा कारखाना काढायचा म्हणून यांनी खाटकाकडची हाडं आणून घराच्या गच्चीवर वाळत टाकली, हाडांतून फॉस्फेट काढायचं होतं. कावळे जमले, शेजारी वैतागले. पोरं हसून लोळतात. प्रयोग म्हणून कोंबडीचं बारीक हाड धुऊन व्हिनेगरमध्ये बुडवा, व्हिनेगर एकदा बदला, चार-पाच दिवसांनी हाड वाकायला लागतं, कारण त्यातलं कॅल्शियम विरघळून गेलेलं असतं. ज्यांच्या घरी हाड चालत नाही त्यांचं भांडं आमच्या ओट्यावर ठेवतो. झाकण घट्ट लावा, आमचं पहिलं हाड मांजरीने पळवलं.