गणपतीचं तिकीट काढायला एजंटला आयडी देताय? जरा थांबा

गणपतीला गावाला जायचं म्हटलं की 60 दिवस आधी सकाळी 8 ला बुकिंग उघडतं आणि आपण कॅप्चा टाकेपर्यंत कोकणकन्या, तुतारी सगळं वेटिंगला. मग कोणीतरी सांगतं, अरे आमच्या नाक्यावरचा झेरॉक्सवाला तत्काळमध्ये काढून देतो, फक्त तुझा आयआरसीटीसीचा आयडी-पासवर्ड दे.

आता त्याला तुमचाच आयडी कशाला हवा? 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ फक्त आधार जोडलेल्या आयडीवरून निघतं, आणि अधिकृत एजंटलाही पहिला अर्धा तास बंदी आहे, म्हणजे एसीला 10 ते 10.30 आणि नॉन-एसीला 11 ते 11.30. सीझनला त्या अर्ध्या तासातच सगळं उरकलेलं असतं, म्हणून तो तुमचा आयडी घेऊन तुम्ही बनून बसतो आणि बरोबर वेळेला फोन येतो, काका ओटीपी आला का. खऱ्या एजंटकडे स्वतःचा एजंट आयडी असतो, त्याला नाव, वय, गाडी, तारीख आणि मोबाइल नंबर एवढं पुरतं (तत्काळ असेल तर त्या नंबरवर आलेला तिकिटाचा ओटीपी तेवढा सांगावा लागतो). तुमच्या आयडीचा पासवर्ड किंवा त्या आयडीवरून काढायच्या तिकिटाचा ओटीपी मागितला की सरळ विचारा, तुझा आयडी कुठेय? तिथेच कळतं.

मी दिला होता एकदा, खोटं कशाला बोलू. तिकीट मिळालं पण. नंतर दिवाळीत स्वतः बुकिंगला बसलो तर महिन्याची लिमिट संपलेली (आधार जोडलेला असला तरी महिन्याला 24 तिकिटंच), हिस्टरी उघडली तर कधी नाव न ऐकलेल्या माणसांची तिकिटं, सगळी माझ्या नावावर! घरच्यांसाठी, मित्रांसाठी आपल्या आयडीवरून काढलेलं चालतं, पण त्याचा धंदा केला तर रेल्वे कायद्याचं कलम 143 लागतं, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 10 हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि चौकशी आली की आधी आयडी ज्याचा त्यालाच विचारणार ना.

देऊन बसला असाल तर आत्ता पासवर्ड बदला, मग प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच आहे का बघा, हे बरेच जण विसरतात. ई-वॉलेटमध्ये पैसे असतील तर त्याचा ट्रान्झॅक्शन पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. जीमेलला तोच पासवर्ड ठेवलाय? मग तो सगळ्यात आधी. हिस्टरीत अनोळखी तिकिटं दिसली तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि 139 या रेल्वे हेल्पलाइनवर तक्रार करा, खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

आणि मदत लागतेच ना, माझ्या आईला पण लागते. तर भाच्याला शेजारी बसवा, लॉगिन तुमचं, ओटीपी तुम्ही टाका, बाकीचं टायपिंग त्याला करू दे, प्रवाशांची नावं आदल्या रात्रीच मास्टर लिस्टमध्ये (आयडीत साठवून ठेवायची प्रवाशांची यादी) भरून ठेवा, तिथेच अर्धी लढाई. पैसे पण तुमच्याच यूपीआयने जाऊ देत, कारण वेटिंग तिकीट चार्टला कन्फर्म झालं नाही तर रिफंड ज्या खात्यातून पैसे गेले तिथेच येतो. माझ्या एका वेटिंग तिकिटाचा रिफंड असाच झेरॉक्सवाल्याच्या खात्यात गेलेला, आणि तो मागायला मी पाच चकरा मारल्या.