आईच्या बीपीच्या नोंदी एका जागी आणल्या त्या अशा

आई साताऱ्याला, मी पुण्यात. बीपी ती नेमाने मोजायची, पण आकडे कॅलेंडरच्या पाठीवर, औषधाच्या पाकिटावर, जमेल तिथे. डॉक्टरांनी विचारलं की सलग असं काही हाती नसायचं.

त्यावर मी एक गूगल फॉर्म केला. मराठीत चारच प्रश्न: वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी, गोळी घेतली का. तारीख-वेळ आपोआप पडते आणि सगळं एका शीटमध्ये जमतं. लिंक तिच्या मोबाइलच्या होम स्क्रीनवर ठेवली.

फॉर्मच्या माथ्यावरच मोजण्याची रीत लिहिली, कारण खरा फरक तिथेच पडतो. आधी अर्धा तास चहा नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत, बोलायचं नाही. मिनिटभराने पुन्हा एकदा मोजायचं. यंत्र दंडाला पट्टा बांधणारंच हवं. कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या ॲपवर कृपा करून विसंबू नका.

शीटमध्ये आलेख काढला तेव्हा सकाळचे आकडे बहुतेक वेळा १३५/८५ च्या वर दिसले. घरच्या मोजणीत साधारण तीच मर्यादा धरतात; दवाखान्यात १४०/९०. संध्याकाळी मात्र सगळं ठीक. डॉक्टरांनी तो आलेख नीट पाहिला आणि औषधात बदल केला. तो निर्णय त्यांचाच, इंटरनेटचा नव्हे.

शीट भावालाही दिली आहे, पण फक्त त्याच्या ईमेलवर आणि फक्त पाहण्यापुरती.